वेळापत्रकाने येणारी घबराट : चिंता आणि ट्रामाडॉल यांच्या गुंत्याचं एक प्रकरण

हे प्रकरण एका शिक्षिकेचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्यांच्या संमतीनेच लिहिते आहे. त्या गणित शिकवतात, म्हणून इथे त्यांना 'बाई' म्हणते; वर्गातली मुलंही तेच म्हणतात. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. या प्रकरणातल्या दोन मोठ्या चुका माझ्या आहेत आणि त्या तशाच मांडल्या आहेत, कारण चिंता आणि ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं) एकमेकांत कसे अडकतात हे मला त्या चुकांमुळेच नीट दिसलं. पुढे आलेले औषधांचे डोस एका व्यक्तीचे, देखरेखीखाली दिलेले आहेत. ते कुणी स्वतःला लावू नयेत.

## पार्श्वभूमी

बाई ४१ वर्षांच्या. लहानपणापासून काळजीखोर. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा यायचा. घरातलं कुणी यायला उशीर झाला की यांच्या मनात अपघात होऊनही गेलेला असायचा. दाराची कडी दोनदा पाहिल्याशिवाय झोप लागायची नाही. याला घरात कुणी आजार म्हटलं नाही. 'हिचा स्वभावच तसा' एवढ्यावर भागलं. शिक्षण, नोकरी, संसार सगळं झालं, फक्त प्रत्येक गोष्टीला चारचौघींपेक्षा दुप्पट ताकद लागत गेली.

अडीच वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्यातली चकती सरकली. डाव्या पायात कळ उतरायची, वर्गात उभं राहवत नव्हतं. त्या वेळच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल या ओपिऑइड वेदनाशामकाच्या ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिल्या, दिवसातून दोनदा, दोन आठवड्यांसाठी. यात वावगं काही नव्हतं. ट्रामाडॉल १९७७ पासून वापरात आहे आणि मॉर्फिनच्या मानाने सौम्य समजलं जातं. दुखणं खरं होतं, डोस योग्य होता, मुदतही योग्य होती.

पण पहिल्या दिवशी दुखण्याबरोबर आणखी काहीतरी थांबलं. बाईंनी ते मला बऱ्याच उशिरा, तिसऱ्या की चौथ्या भेटीत सांगितलं. त्यांचे शब्द मी तेव्हाच लिहून घेतले होते : "डॉक्टर, पंखा तासन्‌तास घरघरत असतो, तेव्हा आवाज जाणवत नाही. कुणी बटण बंद केलं की एकदम कळतं, अरे, इतका वेळ आवाज होता. पहिली गोळी घेतली तेव्हा तसं झालं. मला वाटलं, बाकीची माणसं रोज अशीच जगतात की काय?"

कळ तीन महिन्यांत गेली. कॅप्सूल राहिल्या. आधी फक्त पालकसभेच्या दिवशी, मग शाळेच्या तपासणीच्या दिवशी, मग सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी, मग रोज. मिळवण्यासाठी जुनी चिठ्ठी, दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी, पाठीची खोटी तक्रार असं सगळं झालं. माझ्याकडे आल्या तेव्हा दिवसाला नऊ कॅप्सूल चालू होत्या, म्हणजे ४५० मिलिग्रॅम. ट्रामाडॉलची कमाल मर्यादा दिवसाला ४०० मिलिग्रॅम आहे आणि त्यापलीकडे फिट येण्याचा धोका वाढत जातो. यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

## पहिली भेट : पहिला निर्णय

बाई आल्या त्या चिंतेची तक्रार घेऊन. पहाटे पाचला धस्स होऊन जाग येते, छाती धडधडते, अंगाला घाम सुटतो, जांभया येतात, डोळ्यांतून पाणी येतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या आधी पुन्हा तेच. "सर्दीसारखं होतं आणि त्यातच जीव घाबरा होतो," असं त्या म्हणाल्या. जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी भरून घेतली. एकवीसपैकी १७ गुण आले. पंधरा किंवा त्याहून जास्त गुण आले की चिंता तीव्र मानतात.

दारू विचारली, तंबाखू विचारली, झोपेच्या गोळ्या विचारल्या. सगळ्याला नाही. "बाकी काही औषधं?" या प्रश्नावर बाई म्हणाल्या, "पाठीसाठी कधीमधी एखादी गोळी." मी केसपेपरवर 'पाठदुखी, अधूनमधून वेदनाशामक' असं लिहिलं आणि पुढे गेले.

तो 'कधीमधी' शब्द मी तसाच जाऊ दिला. ही पहिली चूक. कुठली गोळी, शेवटची कधी घेतली, दिवसाला किती, एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. जांभया आणि डोळ्यांतलं पाणी समोर होतं. चिंतेच्या रुग्णाला घाम येतो, धडधड होते, पण जांभयांमागून जांभया आणि नाकाडोळ्यांतून पाणी हे ओपिऑइड उतरत असल्याचं जुनं, पाठ्यपुस्तकी लक्षण आहे. माझ्या डोक्यात ओपिऑइडचा रुग्ण म्हटलं की वेगळंच चित्र होतं. इस्त्रीच्या कपड्यांतल्या, नीटनेटकं बोलणाऱ्या गणिताच्या बाई त्या चित्रात बसत नव्हत्या.

सामान्यीकृत चिंता विकार आणि पॅनिक अटॅक असं निदान लिहून मी पॅरॉक्सेटीन हे चिंता-नैराश्यावरचं औषध १० मिलिग्रॅम सुरू केलं आणि पहिले दोन आठवडे निभावावेत म्हणून रात्री क्लोनाझेपाम हे बेन्झोडायझेपीन गटातलं शांत करणारं औषध ०.२५ मिलिग्रॅम दिलं. ही दुसरी चूक. ती का, ते पुढे येईल.

## बिघाड

नवव्या दिवशी संध्याकाळी सातला बाईंची धाकटी बहीण त्यांना घेऊन आली. बाईंचे हात कापत होते, ब्लाउज घामाने भिजला होता, पाय एका जागी ठरत नव्हते. दोन दिवस जुलाब, तीन रात्री झोप नाही. मी आधी धीर दिला की या गटातली औषधं पहिल्या आठवड्यात कधीकधी बेचैनी वाढवतात. हे खरंच आहे आणि बहुतेक वेळा उत्तर तेवढंच असतं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पण डॉक्टर, तुमचं औषध सुरू झाल्यापासून माझी गोळी लागूच पडत नाही."

"कुठली गोळी?"

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. बहीण म्हणाली, "ताई, सांग ना." बाईंनी पर्समधून कंपासपेटी काढली, पत्र्याची, कडा घासून पांढऱ्या पडलेली. कर्कटक आणि कोनमापकाच्या खाली ट्रामाडॉलच्या तीन स्ट्रिप नीट दुमडून ठेवल्या होत्या. वर्गात बाईंची कंपासपेटी कोण उघडणार?

'गोळी लागू पडत नाही' या वाक्याने सगळा उलगडा झाला. ट्रामाडॉल स्वतः फार जोराचं ओपिऑइड नाही. यकृतातलं सीवायपी-२डी६ हे एन्झाइम त्याचं रूपांतर ज्या पदार्थात करतं, तो खरा ओपिऑइडचं काम करतो. पॅरॉक्सेटीन नेमकं हेच एन्झाइम जोरात अडवतं. म्हणजे बाई नऊ कॅप्सूल गिळत होत्या, पण शरीराला मिळणारं ओपिऑइड घटलं होतं आणि विथड्रॉअल, म्हणजे सवयीचं औषध तुटल्यावर उठणारी लक्षणं, सुरू झालं होतं. दुसऱ्या बाजूने, न बदललेलं ट्रामाडॉल रक्तात साठत होतं. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन ट्रामाडॉलही वाढवतं, पॅरॉक्सेटीनही वाढवतं. दोन्ही मिळून सेरोटोनिनची विषबाधा व्हायचा आणि फिट यायचा धोका. त्यात रात्रीचं क्लोनाझेपाम. ओपिऑइड आणि बेन्झोडायझेपीन एकत्र घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये दोन्ही गटांच्या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. मी हे तिन्ही धोके एकाच चिठ्ठीत लिहून दिले होते.

तपासताना दोन्हींच्या खुणा सापडल्या. जांभया, अंगावर काटा, नाकातून पाणी या विथड्रॉअलच्या. घोट्याला झटका देऊन पाऊल वर दाबलं की ते आपोआप थडथडत राहायचं, गुडघ्याचा प्रतिक्षेप जोरात उडायचा. हा क्लोनस आणि हे उडणं सेरोटोनिनचं. घाम, जुलाब, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या दोन्हींमध्ये येतात, त्यांच्यावरून फरक कळत नाही. ताप नव्हता, शुद्ध पूर्ण होती. बाईंना त्याच रात्री दाखल करून घेतलं.

## समस्या नेमकी काय होती

दाखल केल्यावर पॅरॉक्सेटीन, क्लोनाझेपाम आणि ट्रामाडॉल तिन्ही थांबवलं. सलाईन, हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर, आणि अस्वस्थता आवरण्यासाठी लोराझेपामचा एक छोटा डोस. ज्या गटाच्या औषधाला मी वर चूक म्हटलं, त्याच गटाचं हे औषध आहे. फरक मॉनिटरचा आणि शेजारी बसलेल्या परिचारिकेचा.

रात्री दहाच्या सुमारास कंप थोडा उतरला. बाईंना झोप येत नव्हती. मी कागद दिला आणि म्हटलं, गेल्या महिन्यातला, माझं औषध सुरू व्हायच्या आधीचा, एक नेहमीचा दिवस काढा. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर भीती, शून्य ते दहा. जिथे कॅप्सूल घेतली तिथे फुली.

त्यांनी आधी अक्ष काढले, मग बाणांची टोकं काढली, एकक लिहिलं. हात कापत होता तरी एकक लिहिलं. पहाटे साडेपाचला तीन कॅप्सूल, दुपारी एकला दोन, संध्याकाळी सहाला दोन, रात्री अकराला दोन. प्रत्येक फुलीच्या आधी भीतीची रेघ आठ-नऊपर्यंत चढलेली, फुलीनंतर तासाभरात खाली. पूर्ण आलेख करवतीच्या दातांसारखा झाला. साध्या कॅप्सूलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. दात त्याच अंतराने उगवत होते.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे आवर्ती फलन आहे. मी अडीच वर्षं कारण शोधत होते. पालक, मुख्याध्यापक, परीक्षा. याला कारण नाही, आवर्तन आहे."

हे बहुतांशी बरोबर होतं, पण पूर्ण नाही. मी त्यांना दातांच्या तळाशी बोट ठेवून दाखवलं. रेघ खाली येत होती ती तीनपर्यंत, शून्यावर कधीच नाही. तो तळ कॅप्सूलच्या आधीचा होता, परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या पोटातल्या गोळ्याचा. म्हणजे बाईंना दोन चिंता होत्या : एक तळाची, स्वतःची, जुनी; दुसरी दातांची, गोळीने रोज चार वेळा आणलेली. पहिलीसाठी गोळी सुरू झाली आणि दुसरीसाठी चालू राहिली. मला या प्रकरणात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. या दोन चिंता रुग्णाला आतून एकसारख्याच वाटतात. जीएडी-७ गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो, घड्याळाबद्दल विचारत नाही, म्हणून त्यालाही वेगळ्या दिसत नाहीत.

दातांमागचं शरीरशास्त्र थोडक्यात असं. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे. धोका दिसला की तो नॉरअॅड्रेनलिन सोडतो आणि धडधड, घाम, सावधपणा सुरू होतो. ओपिऑइड त्याला दाबून ठेवतं. रोज दाबलं की तो पुंजका त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो, आणि औषध उतरलं की तो जोर मोकळा सुटतो. भीती वाटायला बाहेर काहीच नसतं, पण शरीर पूर्ण भीतीत असतं. मग मन कारण शोधतं आणि सापडतंच. ट्रामाडॉलची आणखी एक अडचण म्हणजे ते सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिनचं पुनःशोषणही अडवतं, काही नैराश्यरोधक औषधांसारखं. त्यामुळे उतरताना दुहेरी उतरतं. प्रसिद्ध नोंदींनुसार ट्रामाडॉलच्या विथड्रॉअलमध्ये साधारण आठांतल्या एकाला तीव्र घबराट, संशय, भास, हातापायांना विचित्र बधिरपणा अशी वेगळीच लक्षणं दिसतात.

एडवर्ड खान्टझियन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये स्व-औषधोपचाराचं गृहीतक मांडलं : माणूस नशेसाठी नव्हे, तर एखादी विशिष्ट वेदना शमवण्यासाठी विशिष्ट पदार्थाकडे वळतो. बाईंच्या पहिल्या सहा महिन्यांना ते चपखल बसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला बसत नाही. तोवर औषधच त्या वेदनेचं निम्म्याहून जास्त कारण झालं होतं.

## कोणते पर्याय होते

सकाळपर्यंत ठरवणं भाग होतं. शेवटची कॅप्सूल संध्याकाळी सहाची. पहाटेपासून विथड्रॉअल चढणार हे दिसत होतं.

पहिला पर्याय, ट्रामाडॉल एकदम बंद करून क्लोनिडीन आणि लक्षणांपुरती औषधं देणं. क्लोनिडीन लोकस सेरुलियसला शांत करतं, रक्तदाबावर नजर ठेवावी लागते. आठवड्याभरात शरीर सुटतं. पण तळाची चिंता तशीच राहते आणि पुढच्या पालकसभेला बाई पुन्हा त्या कॅप्सूलकडे जाण्याची शक्यता मोठी. आठवडाभर बंद राहिल्यावर सहनशक्ती, म्हणजे डोस पेलण्याची शरीराची सवय, घसरलेली असते, तेव्हा जुना डोस घेतला तर तोच धोक्याचा ठरतो.

दुसरा, क्लोनस गेल्यावर ट्रामाडॉल पुन्हा सुरू करून हळूहळू कमी करणं. बाईंना हाच हवा होता. "मी मोजून कमी करीन, मला आकडे जमतात," त्या म्हणाल्या. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात, वर्षभराहून जास्त ओपिऑइड घेणाऱ्यांना महिन्याला १० टक्के किंवा त्याहून सावकाश कमी करणं जास्त सोसतं, असं म्हटलं आहे. त्या हिशेबाने जवळजवळ वर्ष लागलं असतं. मला यात दोन गोष्टी खटकल्या. पॅरॉक्सेटीनचा त्या एन्झाइमवरचा अडथळा बंद केल्यावरही काही दिवस राहतो, त्यामुळे ४५० च्या आसपास परत जाणं म्हणजे पुन्हा फिटचा धोका. आणि करवतीचे दात कितीही लहान केले तरी वर्षभर दिवसातून चार वेळा 'भीती, मग गोळी, मग आराम' हाच धडा गिरवला गेला असता.

तिसरा, ब्युप्रेनॉर्फिन. हेही एक ओपिऑइडच. बाकीची ओपिऑइड पेशींवरच्या ज्या म्यू ग्राहकाला चिकटून काम करतात, त्यालाच ते घट्ट चिकटतं, पण अर्धवटच चालवतं, आणि परिणाम दिवसभर टिकतो. दात सपाट होतात. शिवाय दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्यावर बेचैनी निर्माण करणारी जी कप्पा ग्राहकांची यंत्रणा जागी होते, तिलाही ते अडवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २००५ पासून आहे. मात्र ट्रामाडॉलसाठीचा पुरावा हेरॉइनसाठीच्या पुराव्याइतका भक्कम नाही, आणि बाईंची शंका रास्त होती : "एक सोडवून दुसरं लावताय?"

चौथा पर्याय अनेकदा न बोलता निवडला जातो : आधी व्यसन सोडा, चिंतेचं मग बघू. किंवा उलट. मी स्वतः नऊ दिवसांपूर्वी नकळत उलटा पर्याय निवडला होता आणि त्याचं फळ समोर पलंगावर होतं.

मध्यरात्री बाई, बहीण आणि मी कागद घेऊन बसलो. 'व्यसन' शब्दावर बाई अडल्या. "मला कधी नशा चढली नाही. गोळी घेतली की मी फक्त चारचौघींसारखी व्हायचे." मी वाद घातला नाही. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेतले ओपिऑइड वापर विकाराचे अकरा निकष त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी स्वतः खुणा केल्या. ठरवल्यापेक्षा जास्त घेणं, कमी करण्याचे फसलेले प्रयत्न, तीव्र ओढ, मिळवण्यात जाणारा वेळ, वाढलेली सहनशक्ती, विथड्रॉअल. सहा. सहा किंवा त्याहून जास्त निकष जुळले की विकार तीव्र धरतात. त्या यादीत नशा चढण्याचा निकष कुठेच नाही, हे त्यांच्याच लक्षात आलं. पहाटे तीनला त्या म्हणाल्या, "तिसरा करू. पण तळाचंही लगेच सुरू करा. नाहीतर मी परत येईन." मला वाटतं, त्या रात्रीचा सगळ्यात शहाणा निर्णय त्यांचाच होता.

## काय केलं

ब्युप्रेनॉर्फिन घाईने दिलं तर ते जुन्या ओपिऑइडला ग्राहकावरून ढकलून देतं आणि विथड्रॉअल एकदम उसळतं. म्हणून विथड्रॉअल पुरेसं चढेपर्यंत थांबावं लागतं. सकाळी दहाला, शेवटच्या कॅप्सूलला सोळा तास झाल्यावर, विथड्रॉअल मोजणाऱ्या कॉव्स या मापनपट्टीवर १४ गुण आले, म्हणजे मध्यम. क्लोनस गेला होता. ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी जिभेखाली, ब्युप्रेनॉर्फिन २ मिलिग्रॅम. तासाभराने बाईंनी अंगावरची चादर बाजूला केली आणि पाय न हलवता बसल्या. दुपारी आणखी २. तिसऱ्या दिवसापासून रोज ६ मिलिग्रॅम.

चौथ्या दिवसापासून मानसोपचार सुरू केला, संज्ञानात्मक वर्तन उपचाराचा, आणि त्यात शरीराच्या संवेदनांना सामोरं जाण्यावर भर. हा भाग मला इथे सगळ्यात मोलाचा वाटतो. अडीच वर्षांत बाईंच्या शरीराने एक समीकरण पक्कं केलं होतं : धडधड म्हणजे गोळीची वेळ. जिना चढल्यावर धडधडलं तरी हात पर्सकडे जायचा. म्हणून आम्ही मुद्दाम धडधड आणली. जागच्या जागी एक मिनिट धावणं, बारीक नळीतून श्वास घेणं, फिरत्या खुर्चीत गरगरणं, आणि मग काहीही न करता थांबणं. पहिल्या वेळी भीती नऊ होती आणि उतरायला अकरा मिनिटं लागली. बाई स्टॉपवॉच लावून बसल्या होत्या. सातव्या वेळी चार मिनिटं. "गोळीशिवाय रेघ स्वतःहून खाली येते," हे त्यांनी आलेखाच्या खाली लिहिलं.

औषध कधी द्यायचं, हा पुढचा निर्णय. विथड्रॉअलनंतर साधारण महिनाभर चिंता टिकली तर ती स्वतंत्र मानावी, असा निदानाचा दंडक आहे. मी तीन आठवडे थांबले. तेव्हा जीएडी-७ वर १२ गुण होते : दात गेले, तळ राहिला. मग सर्ट्रालीन, चिंतेवरचं पॅरॉक्सेटीनच्याच गटातलं औषध, २५ मिलिग्रॅमपासून सुरू केलं. आज मागे वळून पाहते तेव्हा तीन आठवडेही जास्त वाटतात. तो दंडक निदानासाठी आहे, उपचार अडवून धरण्यासाठी नाही, आणि बाईंची चिंता कॅप्सूलपेक्षा तीस वर्षांनी जुनी असल्याचा इतिहास माझ्या हातात होता.

बहिणीला नॅलोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडवरच्या उताऱ्याचा, नाकातला फवारा दिला आणि तो कधी, कसा वापरायचा ते शिकवलं. कमरेसाठी फिजिओथेरपी लावली, कारण कळ परत आली तर सगळा डाव कोसळला असता. कळ आली नाही.

## अकरावा आठवडा

पालकसभा होती. त्याआधी दोन दिवस बाईंनी ब्युप्रेनॉर्फिन घेतलं नव्हतं. बरं वाटत होतं, म्हणून. सभेच्या सकाळी जुन्या पर्सच्या अस्तरात एक स्ट्रिप सापडली. त्यांनी दोन कॅप्सूल घेतल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन केला. आवाज कोरडा होता : "आता मला काढून टाकणार का?" कुठेतरी त्यांनी ऐकलं होतं की एक चूक झाली की उपचार बंद करतात. मी त्याच दिवशी बोलावलं. उपचार चालूच ठेवले. शरीरात राहिलेलं पुरेसं उतरेपर्यंत थांबून ब्युप्रेनॉर्फिन पूर्ववत केलं, सर्ट्रालीनबरोबर ट्रामाडॉल पुन्हा पोटात गेल्यामुळे क्लोनस तपासला, आणि तो दिवस आलेखावर मांडला. दोन दिवस गोळी चुकल्याने रेघ आधीच चढत होती, त्यावर सभेचं निमित्त पडलं. पुन्हा दोन्ही चिंता एकमेकींत मिसळल्या होत्या.

## काय वेगळं करता आलं असतं

ती स्ट्रिप पर्समध्ये राहायला नको होती. पहिल्याच आठवड्यात बहिणीच्या मदतीने घर, कपाट, शाळेतला खण, जुन्या पर्स हे सगळं रिकामं करून घ्यायला हवं होतं. आम्ही कंपासपेटी रिकामी केली आणि समाधान मानलं.

दाखल व्हायच्या वेळेपर्यंत गोष्ट जायलाच नको होती. चिंतेच्या प्रत्येक नव्या रुग्णाला आता मी तीन गोष्टी विचारते. दुखण्यासाठी कुठलं औषध घेता, नाव सांगा किंवा स्ट्रिप दाखवा. भीती दिवसात किती वाजता येते. आणि तिसरा प्रश्न बाईंनीच मला दिला : ती गोळी घेतल्यावर दुखण्याशिवाय आणखी काय थांबतं? तिसऱ्या प्रश्नावर माणसं आधी गप्प होतात. त्यात आरोप नसतो, म्हणून मग बोलतात. 'गैरवापर करता का' असं विचारलं असतं तर बाई नाहीच म्हणाल्या असत्या, आणि त्यांच्या समजुतीने ते खोटंही नसतं.

औषधाची निवडही चुकली. चिंतेसाठी पॅरॉक्सेटीन वाईट नाही. पण वेदनाशामक कुठलं हे माहीत नसताना ते अडवणारं औषध देणं, आणि श्वसनाचा धोका तपासल्याशिवाय क्लोनाझेपाम जोडणं, हे मी टाळू शकले असते.

ट्रामाडॉल पहिल्यांदा देणाऱ्या डॉक्टरांविषयी बाईंच्या घरात राग आहे. मला तो पूर्ण पटत नाही. पण दोन आठवड्यांनी बोलावून 'आता बंद' असं कुणी स्पष्ट सांगितलं नाही, आणि आधीची चिंता विचारली नाही, हे खरं. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, चिंता किंवा नैराश्यासारखा विकार असलेल्या प्रौढांना एकूण ओपिऑइड चिठ्ठ्यांपैकी ५१ टक्के मिळत असल्याचं दिसलं. लोकसंख्येत त्यांचं प्रमाण मात्र १६ टक्के होतं. ज्यांना हे औषध सर्वात जास्त चिकटू शकतं, त्यांनाच ते सर्वात जास्त दिलं जातं.

## सध्या

आठ महिने झाले. जीएडी-७ वर ६ गुण. ब्युप्रेनॉर्फिन ४ मिलिग्रॅमवर आलं आहे, सर्ट्रालीन १०० वर. अकराव्या आठवड्यानंतर ट्रामाडॉल नाही. पहाटे पाचला जाग येत नाही. दाराची कडी अजून दोनदा पाहतात.

मागच्या भेटीत बाईंनी विचारलं, "शून्य मिलिग्रॅम कधी?" घाईने थांबवलं तर पुन्हा सुरू होण्याचा धोका मोठा असतो, आणि वर्षानुवर्षं चालू ठेवणंही पूर्णपणे मान्य उपचार आहे, हे मी सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. डोस ४ वरच ठेवायचा आणि वार्षिक परीक्षेचे निकाल लागल्यावर पुन्हा बसायचं, असं दोघींनी ठरवलं. तोवरचा आलेख त्या आणणार आहेत.